काल चाललं, आज उघडत नाही: सोर्समधून बांधलेलं क्यूबिटटोरेंट आणि लायब्ररीच्या दोन प्रती

क्यूबिटटोरेंट हा टोरेंट उतरवायचा प्रोग्रॅम मी सोर्स कोडमधून स्वतः कंपाइल करून बांधतो. बिल्ड शंभर टक्के झालं, एकही एरर नाही. बिल्डच्याच फोल्डरमधून प्रोग्रॅम चालवून पाहिला तर खिडकी व्यवस्थित उघडली. मग सुडो (प्रशासकाचे अधिकार) लावून इन्स्टॉल केलं, टर्मिनलमध्ये नुसतं नाव टाइप केलं आणि उत्तर आलं: ‘एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज: लिबटोरेंट-रास्टरबार.एसओ.२.०: कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल’.

हा निरोप पहिल्यांदा मिळाला तेव्हा मी जे केलं तेच बहुतेक जण करतात. सगळं पुसून पुन्हा कंपाइल केलं. पाऊण तास पंखा घोंघावत राहिला आणि शेवटी तीच ओळ जशीच्या तशी हजर. तेव्हापासून दर काही महिन्यांनी हे दुखणं वेगवेगळ्या वेशात परत येतं. कधी सिस्टिम अपडेट झाल्यावर, कधी गिट पुल करून नवा सोर्स आणल्यावर, कधी भलतंच काहीतरी इन्स्टॉल केल्यावर. एरर दरवेळी निराळी दिसते, पण बहुतेक वेळा मुळाशी एकच गोष्ट सापडते: मशीनवर एकाच लायब्ररीच्या, म्हणजे प्रोग्रॅमला चालताना लागणाऱ्या तयार कोडच्या, दोन प्रती आहेत, कंपाइल होताना एक वापरली गेली आणि चालताना दुसरी शोधली गेली, किंवा सापडलीच नाही. म्हणून आता एरर आली की मी आधी स्वतःला विचारतो, ‘कोणती प्रत?’ पुन्हा कंपाइल करायचा विचार त्यानंतर.

पुढचं सगळं लिनक्सबद्दल आहे. कमांड मी उच्चारानुसार लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या नेहमीच्या रोमन अक्षरांतच द्यायच्या.

बिल्ड फोल्डरमधून चालतं, इन्स्टॉल केलं की नाही

क्यूबिटटोरेंटमध्ये खिडक्या, याद्या, सेटिंग असा दर्शनी भाग आहे, तो क्यूटी या खिडक्या-बटणं काढणाऱ्या लायब्ररीवर उभा आहे. पीअर (तीच फाइल वाटणारे इतर जण) शोधणं, तुकडे मागवणं, हॅश पडताळणं (तुकडा बिनचूक आला का ते तपासणं) ही खरी हमाली लिबटोरेंट-रास्टरबार नावाची वेगळी लायब्ररी करते. आपण आधी ती बांधतो, ती /यूएसआर/लोकल/लिबमध्ये जाऊन बसते, आणि मग क्यूबिटटोरेंट तिच्याशी जोडलं जातं.

सीमेक हे बिल्डची आखणी करणारं साधन बिल्ड फोल्डरात प्रोग्रॅम तयार करतं तेव्हा त्याच्या पोटात लायब्ररीचा पत्ता लिहून ठेवतं. यालाच आरपाथ म्हणतात. त्यामुळे तिथून चालवलं की प्रोग्रॅम थेट त्या पत्त्यावर जातो. इन्स्टॉल करताना मात्र सीमेक हा पत्ता खोडून टाकतं. हा दोष नाही, मुद्दाम केलेली सोय आहे. इन्स्टॉल झालेल्या प्रोग्रॅमने लायब्ररी सिस्टिमच्या नेहमीच्या जागी शोधावी अशी अपेक्षा असते. सिस्टिम ती शोधते एका तयार यादीतून, आणि त्या यादीला आपल्या नव्या लायब्ररीची अजून वार्ताच नसते.

डेबियन, उबुंटूवर /यूएसआर/लोकल/लिब हे फोल्डर शोधायच्या जागांमध्ये आधीच नोंदलेलं असतं, फक्त यादी शिळी असते. एकदा ‘सुडो एलडीकॉन्फिग’ दिलं की काम झालं, दोन सेकंदांत. माझा तो पाऊण तास याच दोन सेकंदांसाठी गेला होता. फेडोरावर दोन गोष्टी जास्तीच्या आहेत. तिथे लायब्ररी लिब६४ नावाच्या फोल्डरात जाते आणि /यूएसआर/लोकल खालचं फोल्डर मुळात नोंदलेलंच नसतं. /ईटीसी/एलडी.एसओ.कॉन्फ.डी या फोल्डरात एक छोटी फाइल करून तिच्यात /यूएसआर/लोकल/लिब६४ ही एक ओळ लिहायची, आणि मग एलडीकॉन्फिग.

एलडी-लायब्ररी-पाथ हे व्हेरिएबल एक्स्पोर्ट करा, असा सल्ला जिथे तिथे मिळतो. निदानासाठी एकदा वापरायला हरकत नाही. पण ते शेलच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये टाकून ठेवलं की त्या टर्मिनलमधून निघणारा प्रत्येक प्रोग्रॅम आधी तुमच्या फोल्डरात डोकावतो, आणि चार महिन्यांनी भलताच प्रोग्रॅम कोसळला की कारण शोधताना नाकीनऊ येतात. ही मलमपट्टी आहे, ती मलमपट्टीइतकीच ठेवावी.

कोणती प्रत, हे विचारायचं कसं

‘एलडीडी’ ही कमांड आणि पुढे प्रोग्रॅमचा पूर्ण पत्ता द्या. पन्नास-शंभर ओळी येतील, त्यातली टोरेंट शब्द असलेली ओळ ग्रेपने उचला. बाणाच्या उजवीकडे ‘नॉट फाउंड’ असेल तर वरचा इलाज. तिथे /यूएसआर/लोकल/लिब असेल तर तुमची प्रत वापरली जातेय. आणि तिथे /यूएसआर/लिब खालचा पत्ता दिसला, तर प्रोग्रॅम डिस्ट्रोच्या (उबुंटू, फेडोरासारख्या लिनक्स वितरणाच्या) पॅकेजमधून आलेली प्रत उचलतोय. खरा घोळ तिथे आहे.

ही दुसरी प्रत आपण मागवलेली नसते. डिस्ट्रोचं क्यूबिटटोरेंट कधीतरी टाकून पाहिलेलं असतं, त्याच्याबरोबर ती येते. माझ्या मशीनवर ती डेल्यूज या दुसऱ्या टोरेंट प्रोग्रॅमबरोबर आली होती, कारण डेल्यूजही हीच लायब्ररी वापरतं. दोन्ही प्रतींचं फाइलनाव ‘.एसओ.२.०’ने संपतं, त्यामुळे लोडरला (प्रोग्रॅम सुरू होताना लायब्ररी शोधून जोडणाऱ्याला) त्या सारख्याच वाटतात. तो कुरकुर न करता एक उचलतो आणि मग मधेच ‘सिंबल लुकअप एरर, अनडिफाइन्ड सिंबल’ असं काहीतरी लांबलचक नाव ओकून प्रोग्रॅम बसतो. नव्या हेडरमध्ये असलेलं एखादं फंक्शन जुन्या प्रतीत नसतं, एवढाच त्याचा अर्थ.

याहून वाईट प्रकार म्हणजे आवृत्ती तीच, पण बांधताना दिलेले पर्याय वेगळे. लिबटोरेंट कंपाइल करताना ‘डेप्रिकेटेड-फंक्शन्स’ बंद ठेवायचा पर्याय आहे आणि बरेच जण तो बंद ठेवतात. तो बदलला की लायब्ररीचा एबीआयच, म्हणजे कंपाइल झालेल्या तुकड्यांनी एकमेकांशी जुळायची रीतच, बदलतो. एक प्रत बंद ठेवून बांधलेली, दुसरी चालू ठेवून, आणि दोघींची सरमिसळ झाली की लिंक करतानाच, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडतानाच, सिंबल (फंक्शनांची नावं) सापडत नाहीत. सी++चं मानकही दोन्हीकडे एकच ठेवा. क्यूबिटटोरेंट ज्या मानकाने कंपाइल होतंय तेच लिबटोरेंटला सीमेक-सीएक्सएक्स-स्टँडर्ड या पर्यायातून द्या. लिंकरने ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’च्या दोनशे ओळी ओतल्या आणि प्रत्येकीत लिबटोरेंटचं नाव असलं, तर क्यूबिटटोरेंटच्या कोडमध्ये चूक शोधत बसू नका. चूक तिथे क्वचितच असते.

डेबियन, उबुंटूवर आणखी एक सापळा. लिबटोरेंट या नावाच्या दोन स्वतंत्र लायब्ररी आहेत, त्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. ‘लिबटोरेंट-डेव्ह’ हे पॅकेज आरटोरेंट या वेगळ्याच प्रोग्रॅमच्या लायब्ररीचं. आपल्याला हवं ते ‘लिबटोरेंट-रास्टरबार-डेव्ह’. पहिलं टाकून ‘लायब्ररी तर आहे, मग सीमेक नाही कसं म्हणतं?’ असं डोकं धरून बसलेले लोक मी पाहिलेत. त्यातला एक मीच.

सीमेकची स्मरणशक्ती

दोन प्रतींचा घोळ निस्तरला, नको ती काढून टाकली, तरी सीमेक काढलेल्या प्रतीचाच पत्ता देत राहतं. कारण पहिल्या वेळी जे सापडलं ते ते सीमेककॅश.टीएक्सटीमध्ये लिहून ठेवतं आणि नंतर सहसा पुन्हा शोधत नाही. ही फाइल उघडून त्यात ‘लिबटोरेंटरास्टरबार_डीर’ शोधा. समोर एका ओळीत पूर्ण पत्ता असतो. तो पत्ता तुम्हाला अपेक्षित असलेला नसेल तर दुखणं सापडलं.

यावर उपाय सोपा आहे: बिल्ड फोल्डर अख्खं उडवा. सीमेक ३.२४ किंवा त्यापुढचं असेल तर ‘सीमेक’ला ‘फ्रेश’ हा पर्याय देऊनही कॅश नव्याने बनते. इथे पुन्हा कंपाइल करण्याला अर्थ आहे, कारण काय बदललं ते आपल्याला माहीत आहे.

पत्ता भलताच, म्हणजे कोंडाच्या फोल्डरातला निघाला तर दचकू नका. पायथॉनच्या कामासाठी कोंडाचं एन्व्हायर्नमेंट चालू असतं, त्याचं बिन फोल्डर पाथमध्ये (प्रोग्रॅम शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) सगळ्यात पुढे असतं, आणि सीमेक पाथमधल्या प्रत्येक बिनच्या शेजारच्या लिबमध्येही डोकावतं. तिथे ओपनएसएसएल, झेडलिब, कधी क्यूटीसुद्धा मिळते. झाली तिसरी प्रत. ‘कोंडा डीअ‍ॅक्टिव्हेट’ करून, बिल्ड फोल्डर उडवून, मग सुरुवात करायची. ज्या टर्मिनलमध्ये पायथॉनचं काम चालतं त्यात मी आता कंपाइल करतच नाही.

अपडेटनंतर मोडलं तर

डिस्ट्रोची आवृत्ती बदलल्यावर मोडलं, तर एलडीडी यावेळी बहुधा दुसऱ्याच लायब्ररीसमोर ‘नॉट फाउंड’ दाखवेल. ओपनएसएसएल १.१ जाऊन ३ आलं तेव्हा हे सरसकट झालं, लिबएसएसएल.एसओ.१.१ ही फाइलच गेली. जुन्या फाइलच्या नावाने नव्या फाइलकडे सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे नेणारं नुसतं नाव) करायचा मोह आवरा. नाव सारखं केल्याने आतलं सारखं होत नाही. इथे लिबटोरेंट आधी आणि क्यूबिटटोरेंट नंतर, या क्रमाने दोन्ही नव्याने बांधावी लागतात. क्रम उलटा झाला तर पुन्हा पहिल्या पानापासून.

गिट पुल केल्यावर लिबटोरेंटच कंपाइल होईनासं झालं आणि तक्रार ‘ट्राय_सिग्नल’बद्दल असेल, तर ते सबमॉड्यूल, म्हणजे आत जोडलेलं वेगळं गिट भांडार, आहे. साधं क्लोन केलं की ते फोल्डर रिकामं राहतं. ‘गिट सबमॉड्यूल अपडेट’ला ‘इनिट’ आणि ‘रिकर्सिव्ह’ हे दोन पर्याय द्या, बस.

कंपाइल मधेच ‘किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्रॅम सीसी१प्लस’ म्हणून मेलं तर कोडमध्ये काही बिघडलेलं नाही. मेमरी संपली आणि कर्नलने कंपाइलरचा गळा दाबला; डीमेसेजमध्ये त्याची नोंद सापडेल. निंजा (प्रत्यक्ष कंपाइल चालवणारं साधन) न सांगता सगळे कोर कामाला लावतं, आणि टेम्प्लेटांनी भरलेली एकेक फाइल एक जीबीच्या घरात मेमरी खाऊ शकते. ‘-जे २’ देऊन पुन्हा चालवा, झालेलं काम वाया जात नाही.

आणि सीमेकच क्यूटी जुनी आहे म्हणालं तर वाद घालू नका. क्यूबिटटोरेंट ५.०ला क्यूटी ६.५ लागते. उबुंटू २२.०४मध्ये ६.२.४ आहे, डेबियन १२मध्ये ६.४.२. दुसरीकडे तर अगदी एका पायरीने हुकतं, त्यामुळे सीमेकच्या फाइलमधला आकडा खाली आणून पाहायची खुमखुमी येते. मीही आणून पाहिला. पुढे कंपाइलर अडतो तो अडतोच. क्यूटी वेगळी आणा किंवा ४.६ची शाखा बांधा. क्यूटी पुरेशी नवी असूनही ‘क्यूटी६लिंग्विस्टटूल्स’ सापडत नाही म्हणत असेल तर भाषांतराच्या साधनांचं वेगळं पॅकेज राहिलंय, एवढंच.

चालतंय, पण भलतंच चालतंय

हा प्रकार सगळ्यात फसवा, कारण एरर येतच नाही. मी एकदा खिडकीच्या शीर्षकात ओळखीसाठी एक शब्द जोडला, बांधलं, चालवलं. शीर्षक जुनंच. पुन्हा बांधलं. जुनंच. फाइल सेव्ह झाली का, शाखा बरोबर आहे का, कंपाइलर ती फाइल घेतोय का, सगळं तपासून झालं. तासाभराने कोपऱ्यातल्या ट्रेकडे नजर गेली. डिस्ट्रोचं क्यूबिटटोरेंट तिथे निवांत बसलं होतं.

क्यूबिटटोरेंट एका वेळी एकच चालतं. दुसऱ्यांदा सुरू केलं की नवा प्रोग्रॅम आधीच्याला ‘तू पुढे हो’ सांगतो आणि स्वतः गुपचूप बंद होतो. तुम्हाला दिसते ती जुनीच खिडकी. इथेही प्रश्न तोच, कोणती प्रत, फक्त आता लायब्ररीऐवजी अख्ख्या प्रोग्रॅमची. ‘टाइप -ए क्यूबिटटोरेंट’ दिलं की पाथमध्ये त्या नावाचे किती प्रोग्रॅम आहेत ते क्रमाने दिसतात. चालू असलेला कोणता, ते /प्रॉक खाली त्याच्या प्रोसेस क्रमांकाच्या फोल्डरातली ‘ईएक्सई’ ही लिंक सांगते.

कायमचा तोडगा म्हणजे स्वतः बांधलेलं नेहमी ‘प्रोफाइल’ हा पर्याय देऊन, वेगळ्या फोल्डरवर चालवायचं. दोन्ही शेजारी शेजारी नांदतात. शिवाय तुमची रोजची सेटिंग आणि अर्धवट उतरलेल्या फाइलींची नोंद अर्ध्याकच्च्या बिल्डच्या हाती लागत नाही. नवी आवृत्ती सेटिंगची मांडणी बदलून ठेवते आणि जुन्या आवृत्तीला मग ती धड वाचता येत नाही, असा प्रसंग यातच टळतो.

खिडकीशिवायचं, म्हणजे जीयूआय बंद ठेवून बांधलेलं असेल तर ब्राउझरमधून ८०८० पोर्टवर जायचं. जुने लेख वाचून ‘अ‍ॅडमिनअ‍ॅडमिन’ हा पासवर्ड टाकत बसू नका. ४.६.१पासून पहिल्या वेळी तात्पुरता पासवर्ड तयार होतो आणि तो टर्मिनलमध्ये छापला जातो. पार्श्वभूमीत चालवलं असेल तर तो डोळ्यांसमोरून कधी गेला ते कळतच नाही.

उघडलं, पण एकही पीअर नाही

तपासायला एखाद्या मोठ्या लिनक्स वितरणाची अधिकृत टोरेंट घ्या, म्हणजे ‘त्या फाइलला कोणी सीडरच (पूर्ण फाइल देणारा) नसेल’ ही शंका निकालात निघते. मग खिडकीच्या तळाशी डीएचटी (मधल्या सर्व्हरशिवाय पीअर शोधायचं जाळं) नोड्सचा आकडा पाहा. तो दोन-चार मिनिटांनीही शून्यच राहिला तर बाहेर जाणारं यूडीपी (टीसीपीसारखीच डेटा पाठवायची एक पद्धत) कुठेतरी अडतंय, कारण डीएचटी पूर्णपणे यूडीपीवर चालतं. आकडा शेकड्यांत आहे पण बाहेरून कोणी जोडलं जात नाही, तर अडचण आत येणाऱ्या वाटेची.

आधी घरचं बघा. प्रोग्रॅमचा लॉग उघडून ‘फेल्ड टू लिसन’ शोधा. दोन प्रोफाइल एकाच पोर्टवर ठेवली असतील तर दुसऱ्याला पोर्ट मिळत नाही. ‘एसएस -टीयूएलपीएन’ सुडोसकट दिलं की ते पोर्ट कोणी धरून ठेवलंय ते दिसतं. जुन्या प्रोफाइलची नक्कल केली असेल तर प्रगत सेटिंगमधलं नेटवर्क इंटरफेस पाहाच. तिथे व्हीपीएनचा इंटरफेस नोंदलेला असतो, व्हीपीएन आज बंद असतं, आणि प्रोग्रॅम नसलेल्या वाटेवर डोळे लावून बसतो.

फायरवॉलमध्ये पोर्ट उघडताना टीसीपी आणि यूडीपी दोन्ही उघडा. नुसतं टीसीपी उघडून थांबणारे बरेच असतात. विंडोजवर बांधत असाल तर तिथे नियम साधारणपणे प्रोग्रॅमच्या पत्त्याला चिकटलेला असतो. इन्स्टॉलरने आलेल्या क्यूबिटटोरेंटला दिलेली परवानगी तुमच्या बिल्ड फोल्डरातल्या क्यूबिटटोरेंटला लागू होत नाही. नाव एक, पत्ता वेगळा, म्हणजे फायरवॉलच्या लेखी माणूसच वेगळा.

हे सगळं ठीक असेल तर राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल तर सेवा देणाऱ्याने अनेक ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवलेत. मग राउटरमध्ये कितीही पोर्ट फॉरवर्ड करा, उपयोग नाही. आयपीव्ही६ मिळत असेल तर ते चालू करून पाहा. नसेल तर तुम्ही स्वतः जोडायला गेलेल्या पीअरांवर डाउनलोड चालेलच, थोडं मंद इतकंच. तुमच्या बिल्डचा यात काही दोष नाही.

मी आता काय करतो

/यूएसआर/लोकलला हातच लावत नाही. होम फोल्डरात ‘क्यूबी’ नावाचं एक फोल्डर आहे, लिबटोरेंट आणि क्यूबिटटोरेंट दोन्हींचा सीमेक-इन्स्टॉल-प्रीफिक्स (इन्स्टॉल करायची जागा) तोच. क्यूबिटटोरेंट बांधताना सीमेक-प्रीफिक्स-पाथही त्याच फोल्डरावर रोखतो, म्हणजे शोध तिथून सुरू होतो. आणि सीमेक-इन्स्टॉल-आरपाथ-यूज-लिंक-पाथ हा पर्याय चालू ठेवतो. या नावांत शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर असतो आणि अक्षरं सगळी कॅपिटल. हा शेवटचा पर्याय दिला की इन्स्टॉल करताना लिबटोरेंटचा पत्ता पुसला जात नाही. सुडो नको, एलडीकॉन्फिग नको, डिस्ट्रोची प्रत तिच्या जागी सुखाने राहते. नको झालं की फोल्डर उडवायचं.

जुन्या पद्धतीने /यूएसआर/लोकलमध्ये टाकलेलं आधी काढायचं असेल तर त्या वेळच्या बिल्ड फोल्डरात इन्स्टॉल_मॅनिफेस्ट.टीएक्सटी असते, कुठे कुठे काय ठेवलं याची ओळीओळीने यादी. एकदा नजर फिरवून ती यादी ‘एक्सआर्ग्ज’मधून सुडोसकट ‘आरएम’कडे द्या आणि मग एलडीकॉन्फिग चालवा. बिल्ड फोल्डर आधीच उडवून बसला असाल, तर तेच टॅग (म्हणजे सोर्सची तीच आवृत्ती) पुन्हा चेकआउट करून, त्याच प्रीफिक्सने इन्स्टॉल करून, ती यादी नव्याने मिळवावी लागते. मला दोनदा लागली आहे.